जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपसाठी सस्पेन्शन लिफ्ट निवडताना: आधी काय मोजायचं, मग काय घ्यायचं

जुनी ४×४ पिकअप हाती आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती इंच लिफ्ट घेऊ?", म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी किती उंच करू. चुकीची सुरुवात इथेच होते. आकडा आधी ठरतो, किट मागवलं जातं, ते बसतंही. मग प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत जोर नेणारा फिरता दांडा) थरथरू लागतो, स्टेअरिंग सरळ राहत नाही, ब्रेकचा होज ताणला जातो, आणि गाडीने नेमकं काय करायचं होतं हा प्रश्न बाजूलाच राहतो. उंची हे शेवटी निघणारं उत्तर आहे. आधी काम, मग टायर, मग गाडीची खरी मापं, मग पुढच्या एक्सलची रचना, आणि हे सगळं झाल्यावर इंच. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

## १. काम ठरवा, कामावरून टायर ठरवा

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सस्पेन्शन लिफ्टने चासी आणि बॉडी वर जाते, डिफरन्शियल (एक्सलमधला गेअरचा गोळा, थोडक्यात डिफ) जागच्या जागीच राहतं. दगडावर आधी टेकतो तो डिफचा गोळा. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही व्यासात झालेल्या वाढीच्या निम्माच. २९ इंचाच्या जागी ३३ इंचाचा टायर लावला तर डिफखाली २ इंच जास्त मिळतात. लिफ्टचा उपयोग त्या टायरला जागा करून देणं, चासीचं पोट वर नेणं आणि पुढचे-मागचे चढ-उताराचे कोन सुधारणं, एवढाच.

म्हणून कागदावर तीन गोष्टी लिहा: गाडी किती वेळ रस्त्यावर आणि किती वेळ कच्च्यावर चालणार, मागे किती वजन लादणार किंवा ओढणार, आणि पुढे विंच (अडकलेली गाडी ओढणारी केबलची चरखी) किंवा लोखंडी बंपर येणार का. रोज हमरस्त्यावर चालणाऱ्या आणि अधूनमधून चिखलात उतरणाऱ्या गाडीला ३१ ते ३३ इंचाचा टायर पुरतो. ३५ इंचाचा हट्ट धरलात तर गेअर रेशो, ब्रेक, स्टेअरिंग बॉक्स आणि एक्सलचे जॉइंट असा मोठा खर्च त्याच्यामागे येतो. तो झेपणार असेल तरच पुढे जा.

टायर बसतो का हे दुसऱ्याच्या फोटोवरून ठरवू नका. शक्य असेल तर त्या मापाचं एक चाक उसनं आणा, पुढे लावा, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, मग तेच चाक रॅम्पवर चढवून मडगार्डात जाईल तेवढं दाबा. कुठे घासतंय ते खडूने खुणा करून मोजा. पाव-अर्धा इंच पत्रा घासत असेल तर २ इंच जास्त लिफ्ट घेण्याऐवजी आतली कड दुमडणं कितीतरी बरं. टायर पत्र्याला न लागता पाट्याला (लीफ स्प्रिंगला) किंवा टाय रॉडला (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या स्टेअरिंगच्या दांड्याला) लागत असेल तर ते दुखणं रिमच्या ऑफसेटचं, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्याचं आहे. लिफ्टने ते जाणार नाही.

तपासा: तुमच्या भागात गाडीची उंची, बंपरची उंची किंवा सस्पेन्शनमधले बदल यांवर कायदेशीर मर्यादा आहे का, हे खरेदीआधी बघा. विम्याच्या कंपनीलाही विचारून ठेवा.

## २. गाडी आहे तशी मोजा

चाळीस-पन्नास वर्षांचे पाटे बसलेले असतात. किटवर लिहिलेले "४ इंच" हे बहुतेक वेळा नव्या गाडीच्या मूळ उंचीवर धरलेले असतात. तुमची गाडी मुळातच दीड इंच खाली बसली असेल तर किट लावल्यावर ती साडेपाच इंच वर गेल्यासारखी दिसेल. मग "किट चुकीचं आलं" अशी तक्रार होते, शाफ्टचे कोनही अपेक्षेबाहेर जातात.

सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, टाकी अर्धी आणि मागचा हौदा रिकामा ठेवून मोजा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही ठिकाणी. मडगार्ड पूर्वी कधी बदललेलं किंवा ठोकून सरळ केलेलं असू शकतं, म्हणून एक्सल ट्यूबपासून चासीपर्यंतचं अंतरही लिहून ठेवा. डाव्या-उजव्या बाजूंत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर आधी त्याचं कारण शोधा: तुटलेला पाटा, खिळून बसलेला शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारा हलता दुवा), संपलेले बुश किंवा वाकलेली चासी. वाकड्या पायावर लिफ्ट चढवली की वाकडेपणा उंचीवर जातो, कमी होत नाही.

मग गाडीखाली शिरा. वायर ब्रश आणि छोटा हातोडा सोबत घ्या. पाट्यांचे हँगर (पाट्याचं दुसरं टोक धरणारे), शॅकलचे ब्रॅकेट, शॉकअपचे वरचे माउंट आणि क्रॉस मेंबरची टोकं नीट ठोकून बघा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला की गंजाने पत्रा पातळ झालाय असं समजा. स्टेअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्टने लागतो ती जागा विशेष बघा. १९७३ ते १९८६ च्या शेवरोले आणि जीएमसीच्या के मालिकेतल्या पिकअपमध्ये तिथे चासीला तडे जाणं ही ओळखीची गोष्ट आहे, आणि मोठा टायर त्या जागेवरचा ताण वाढवतो. तडा सापडला तर आधी वेल्डिंग आणि मजबुतीची पट्टी, लिफ्टचा विचार नंतर.

इशारा: किंगपिन किंवा बॉल जॉइंट (पुढचं चाक ज्यांवर वळतं ते सांधे), टाय रॉडची टोकं आणि चाकांचे बेअरिंग यांत ढिलाई असेल तर लिफ्ट आणि मोठ्या टायरनंतर ती दुप्पट जाणवते. स्टेअरिंगला अचानक जोरदार हादरे बसू लागतात ते बऱ्याचदा याच ढिलाईमुळे. हे भाग आधी बदला.

## ३. पुढचा एक्सल कोणता आहे ते ओळखा

सगळ्या जुन्या ४×४ ना एकच किट चालत नाही. पुढच्या एक्सलची रचनाच सांगते की लिफ्ट सोपी आहे की किचकट.

अखंड एक्सल आणि पाटे. शेवरोले के-१० आणि के-२० (१९७३ ते १९८६), डॉजच्या डब्ल्यू मालिकेतल्या पिकअप, जुनी टोयोटा हायलक्स ४×४. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दणकट रचना हीच. पाटे बदलले की उंची वाढते. पुढची सगळी दुरुस्ती स्टेअरिंग, शाफ्ट आणि ब्रेक होजची.

अखंड एक्सल आणि कॉइल स्प्रिंग. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातली फोर्ड एफ-१५० या प्रकारची. इथे रेडियस आर्म आणि ट्रॅक बार एक्सलला जागेवर धरतात. गाडी वर गेली की ट्रॅक बार एक्सलला एका बाजूला ओढतो आणि रेडियस आर्म कॅस्टरचा कोन (चाकाचा वळण्याचा अक्ष मागे किती कलला आहे तो) बिघडवतो. म्हणून ट्रॅक बारचं खाली आणणारं ब्रॅकेट आणि कोन दिलेले सी आकाराचे बुश हवेतच. नुसत्या लांब कॉइलचं स्वस्त किट घेऊ नका.

दुभागलेला एक्सल. १९८० ते १९९६ च्या फोर्ड एफ-१५० मधला ट्विन ट्रॅक्शन बीम. दोन बीम स्वतंत्र झुलतात, त्यामुळे नुसती स्प्रिंग वाढवली की चाकं वरून बाहेर कलतात आणि टायरची एकच कड झिजते. बीमचे आणि रेडियस आर्मचे पिव्हट खाली आणणारे ब्रॅकेट किटमध्ये असायलाच हवेत.

स्वतंत्र सस्पेन्शन, टॉर्शन बारसह (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटा ४×४ पिकअपना १९८६ च्या मॉडेलपासून हे आलं. हायलक्स नावाने इतर अनेक देशांत अखंड एक्सल पुढेही चालू राहिला, म्हणून गाडीचं वर्ष विचारून थांबू नका, खाली वाकून बघा. टॉर्शन बार पिळून गाडी इंच-दीड इंच वर येते, पण तेवढीच चाकाची खाली जाण्याची चाल कमी होते आणि सीव्ही जॉइंट (चाकापर्यंत जोर नेणारे वाकते सांधे) तिरके चालतात. खरी लिफ्ट हवी असेल तर डिफ आणि खालचे आर्म उतरवणारं पूर्ण ब्रॅकेट किटच लागतं.

## ४. उंची कशाने वाढवायची

पाट्यांच्या गाडीसाठी पर्याय बरेच आहेत. माझं मत आधीच सांगतो: पुढे आणि मागे नवे, जास्त कमान असलेले पूर्ण पाटे. बाकी सगळं त्यानंतर.

नवे पाटे घेताना उंचीइतकंच स्प्रिंगच्या कडकपणाकडे बघा. चांगले उत्पादक एकाच उंचीत हलका आणि जड असे दोन पर्याय देतात. पुढे विंच नसताना "पुढेमागे लागेल" म्हणून जड पाटे घेतले तर गाडी अपेक्षेपेक्षा उंच बसते, दगडावर उसळते आणि चाक जमिनीला धरत नाही. उलट, हलक्या पाट्यांवर लोखंडी बंपर आणि विंच चढवली तर वर्षभरात समोरचा भाग खाली बसतो. पहिल्या पायरीत लिहिलेल्या वजनाच्या नोंदी इथे कामाला येतात.

जुन्या संचात एक जास्तीचा पाटा घालणं, म्हणजे अ‍ॅड-अ-लीफ, मागच्या बाजूला इंच-दीड इंचासाठी चालतं, तेही मूळ पाटे शाबूत असतील तरच. आखूड जास्तीचा पाटा सगळा जोर एका जागी देतो आणि गाडी कडक करतो. घ्यायचाच तर लांब घ्या.

लांब शॅकलने उंची मिळते ती शॅकलच्या वाढीच्या साधारण निम्मी: २ इंच लांब शॅकल, १ इंच लिफ्ट. पुढच्या एक्सलला यात एक मेख आहे. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर लांबी वाढवल्यावर कॅस्टर कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भटकते. मागच्या टोकाला असेल तर कॅस्टर वाढतो, पण डिफचं पिनियन (शाफ्ट जिथे जोडला जातो ते टोक) खाली वळतं आणि पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो. के मालिकेतल्या शेवरोलेच्या मागच्या एक्सलला मात्र शॅकल उलटवण्याचा उपाय चांगला आहे. मूळ पाटे तसेच ठेवून सुमारे ४ इंच मिळतात आणि मऊपणाही टिकतो.

ब्लॉक, म्हणजे एक्सल आणि पाटा यांच्यामधला ठोकळा, फक्त मागे आणि तोही कमी उंचीचा. जितका उंच ब्लॉक, तितका एक्सल पाट्याला पिळतो.

इशारा: पुढच्या एक्सलला ब्लॉक कधीही लावू नका. ब्रेक दाबल्यावर सगळ्यात जास्त जोर पुढच्या एक्सलवर येतो, त्यात स्टेअरिंगचा जोर मिसळतो. ब्लॉक सरकला तर एक्सल जागेवरून सुटतो. एकावर एक ब्लॉक रचणंही मागे-पुढे कुठेच नको.

बॉडी लिफ्ट सस्पेन्शनला हात लावत नाही, फक्त बॉडी आणि चासीमधले ठोकळे उंच करते. १ इंचापर्यंत ती निरुपद्रवी आहे. त्याहून वर गेलात की पंखा आणि रेडिएटरचं कव्हर, स्टेअरिंग शाफ्ट, गेअरचे दांडे, पेट्रोल भरण्याची नळी आणि अर्थिंगची तार, एकेक करत सगळं हलवावं लागतं.

## ५. उंचीसोबत येणारी कामं

किट निवडताना लोक पाट्यांचे फोटो बघतात. लिफ्ट चांगली की वाईट हे ठरतं ते पुढच्या पाच गोष्टींवर.

प्रॉपेलर शाफ्ट. गाडी वर गेली की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी गेअरची पेटी) आणि डिफ यांच्यातला कोन वाढतो. आधी शाफ्टला दोन्ही टोकांना साधे क्रॉस (एकेरी सांधे) आहेत की ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी जॉइंट आहे ते बघा. दोन्हीकडे साधे क्रॉस असतील तर ट्रान्सफर केसचा बाहेर येणारा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. एका टोकाचा कोन दुसऱ्या टोकाचा असमान वेग कापून टाकतो, म्हणूनच दोन्ही कोन सारखे लागतात. दुहेरी जॉइंट असेल तर मागचं पिनियन थेट ट्रान्सफर केसकडे रोखलेलं हवं, साधारण १ ते २ अंश खाली, कारण जोर लागल्यावर पाटे पिळतात आणि पिनियन वर उचललं जातं. हे दोन नियम उलटसुलट लावणं ही लिफ्टनंतरच्या थरथरीची सगळ्यात नेहमीची चूक. मागचा कोन दुरुस्त करायला पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर लागते. मऊ अ‍ॅल्युमिनियमची पाचर दबून फुटते.

शाफ्टची लांबीही बघा. चाक पूर्ण खाली लटकलेलं असताना सरकणाऱ्या दाताळ्या एकमेकांत पुरेशा अडकलेल्या राहिल्या पाहिजेत, आणि पूर्ण दाबल्यावर त्या आत टेकता कामा नयेत. ट्रान्सफर केस खाली उतरवून कोन सुधारणारे ठोकळे मिळतात, पण त्याने लिफ्टने कमावलेलं पोट पुन्हा खाली येतं. तो उपाय शेवटचा.

स्टेअरिंग. ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) जितकी तिरकी, तितकं खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप फिरतं. ती जमेल तेवढी आडवी हवी. पुढे-मागे चालणारी ड्रॅग लिंक असलेल्या गाड्यांना, के मालिकेतल्या शेवरोलेसारख्या, नकलवरचा (चाकासोबत वळणाऱ्या भागावरचा) उंच स्टेअरिंग आर्म लागतो. इतर अनेकांना खाली उतरलेला पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सला लागलेला हात). ट्रॅक बार असलेल्या गाडीत ड्रॅग लिंक आणि ट्रॅक बार एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. एक उतरवला की दुसराही उतरवावा लागतो.

कॅस्टर. अखंड एक्सलच्या गाडीला ४ अंशांच्या आसपास कॅस्टर मिळाला की ती सरळ चालते. तो फार कमी झाला तर वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून परत येत नाही.

ब्रेक. चाक पूर्ण लटकवून आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून होज बघा. किंचितही ताण असेल तर लांब होज घ्या. मूळ होजचं ब्रॅकेट वाकवून वेळ मारून नेऊ नका. मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला वजनानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह काही गाड्यांत असतो, टोयोटामध्ये हमखास. लिफ्टनंतर त्या व्हॉल्व्हच्या हिशेबाने गाडी कायम रिकामीच असते, म्हणून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. ब्रॅकेट तितक्याच इंचांनी वर घ्या.

शॉकअप आणि बंप स्टॉप. "४ इंच लिफ्टचा शॉकअप" असं लेबल वाचून घेऊ नका, मोजून घ्या. समजा नव्या उंचीवर वरच्या आणि खालच्या माउंटमधलं अंतर २१ इंच आहे, आणि बंप स्टॉप (एक्सलची वरची चाल अडवणारा रबरी ठोकळा) टेकेपर्यंत एक्सल ४ इंच वर येतो. म्हणजे पूर्ण दाबलेल्या स्थितीत १७ इंच उरतात. शॉकअपची दाबलेली लांबी १६ ते साडेसोळा इंच हवी. चाक ५ इंच खाली लटकत असेल तर उघडलेली लांबी २६ इंचाहून थोडी जास्त. शॉकअप आतून टेकला तर त्याचं डोकं तुटतं किंवा माउंट उखडतं. धक्का झेलण्याचं काम बंप स्टॉपचं आहे. मोठा टायर मडगार्डात शिरण्याआधी तो टेकेल इतका लांब करा.

तपासा: मागवायच्या किटच्या यादीत नवे यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे), शॉकअप, ब्रेक होज, स्टेअरिंगची दुरुस्ती, बुश आणि बंप स्टॉप आहेत का? जे नसेल त्याची किंमत बेरजेत धरा. अशी बेरीज केली की "स्वस्त" किट बऱ्याचदा महाग निघतं.

## ६. बसवण्याचा क्रम

काही दिवस आधीपासून सगळ्या जुन्या नट-बोल्टना गंज सोडवणारं तेल मारत राहा. जुन्या गाडीत हँगरचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटलेले असतात. ते कापावे लागतील असं धरूनच नवे बोल्ट आणून ठेवा.

१. एका वेळी एकच एक्सल. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडसर लावा. जुना हँडब्रेक सहसा मागच्याच चाकांना धरतो, म्हणून मागची चाकं उचलताना त्याच्या भरवशावर राहू नका.

२. स्टँड चासीखाली, एक्सल जॅकवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका.

३. शॉकअप, ब्रेक होजची पकड आणि ड्रॅग लिंक आधी सोडवा, मगच एक्सल खाली न्या. हा क्रम चुकला की होज ताणून फाटतो.

४. एका बाजूचा पाटा काढा, नवा लावा, मग दुसरी बाजू. दोन्ही एकदम काढले तर एक्सल फिरतो आणि परत जागेवर आणताना दमछाक होते. पाट्याची मधली पिन एक्सलच्या भोकात नीट बसली आहे हे बोटाने चाचपून बघा.

५. यू-बोल्ट नवेच. एकदा ताणलेले जुने बोल्ट पुन्हा तितकं धरत नाहीत. चारही नट तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा, शेवटी टॉर्क पान्याने उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंत.

६. हँगर आणि शॅकलचे बोल्ट आत्ता फक्त हाताने घट्ट. गाडी स्वतःच्या चाकांवर, पूर्ण वजनाने उभी राहिल्यावरच आवळा. हवेत लटकत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात, गाडी उंच दिसते आणि बुश लवकर फाटतात. अनुभवी मेकॅनिकही घाईत ही चूक करतात.

इशारा: रस्त्यावर नेण्याआधी एक चाक रॅम्पवर चढवा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, आणि दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा: होज, शाफ्ट आणि क्रॉस मेंबर, टायर आणि पाटा, एक्झॉस्ट. हे चारही चाकांसाठी करा.

## ७. पहिले काही शे किलोमीटर

आधी सावकाश चालवून ब्रेक तपासा, मग अलाइनमेंट. टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते) साधारण दीड ते तीन मिलिमीटर ठेवा आणि कॅस्टरचा आकडा कागदावर मागा. हेडलाइट खाली करा, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि स्टेअरिंगचे सगळे नट पुन्हा टॉर्क करा, ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. नवे पाटेही या काळात थोडे बसतात, म्हणून शॉकअप आणि बंप स्टॉपचं माप एकदा परत घ्या. वेगात शाफ्टची थरथर जाणवली तर "सवय होईल" म्हणून सोडू नका, कोन मोजा.

स्पीडोमीटर आता कमी दाखवतो. २९ वरून ३३ इंचावर गेलात तर काटा ८० वर असताना गाडी खरी ९१ च्या आसपास असते. गेअर रेशोचाही हिशेब साधा आहे: जुना रेशो गुणिले नवा व्यास, भागिले जुना व्यास. ३.७३ ला ३३ ने गुणून २९ ने भागलं की सुमारे ४.२४ येतात, म्हणजे पूर्वीसारखी ओढ हवी असेल तर ४.१० किंवा ४.३० च्या आसपासचा, तुमच्या एक्सलला मिळेल तो संच. बदलायचा तर पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच वेळी, एकाच रेशोचे. दोन्हींत फरक ठेवून कोरड्या रस्त्यावर ४×४ लावलं तर ट्रान्सफर केस आणि शाफ्ट ताणाखाली फुटतात.